कानस गेली, पट्टा आला

१९०८ सालचा फेब्रुवारी-मार्च. लंडनजवळच्या ब्रुकलँड्स इथं मोटारींच्या शर्यतींसाठी नुकताच बांधलेला ट्रॅक होता. तिथल्या शेडमध्ये एकाच नमुन्याच्या तीन अमेरिकन मोटारी आणून लावल्या गेल्या. एका सिलिंडरची, दिसायला साधी, कॅडिलॅक नावाची ही गाडी इंग्लंडमध्ये फारशी कुणाला ठाऊक नव्हती. रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली या तिन्ही गाड्या शेवटच्या स्क्रूपर्यंत खोलण्यात आल्या. प्रत्येक गाडीचे ७२१ सुटे भाग निघाले. ते सगळे एकमेकांत मिसळून एक ढीग केला गेला. त्यातून ८९ भाग बाजूला काढून त्यांच्या जागी विक्रेत्याच्या साठ्यातले नवे भाग टाकले गेले. मग मेकॅनिकांच्या हातात फक्त पाने आणि स्क्रू-ड्रायव्हर देऊन सांगितलं, यातून तीन गाड्या उभ्या करा. कानस हातात घ्यायची परवानगी नव्हती.

गाड्या उभ्या राहिल्या. एकीच्या अंगावर दुसरीचे भाग असल्यामुळे त्यांचे रंग ठिगळं लावल्यासारखे विजोड दिसत होते. पण तिन्ही गाड्या सुरू झाल्या आणि ट्रॅकवर ५०० मैल धावल्या. या कामगिरीबद्दल क्लबनं कॅडिलॅकला ड्यूअर करंडक दिला.

आज वाचताना यात विशेष काही वाटत नाही. स्कूटरचा ब्रेक-लिव्हर तुटला तर आपण दुकानात जाऊन मॉडेल सांगतो, दुकानदार पाकीट काढून देतो आणि तो भाग बसतो. तो बसणार हे आपण गृहीतच धरतो. १९०८ साली मात्र ब्रुकलँड्सला जमलेल्या मोटारतज्ज्ञांच्या अनुभवात हे बसत नव्हतं. मोठ्या प्रमाणावरील उत्पादन म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हेन्री फोर्डचा सरकता पट्टा येतो. माझ्या मते ती गोष्ट पट्ट्यापासून सांगायला लागलं की अर्धी निसटते. ती कानशीपासून सांगायला हवी.

युरोपातल्या मोटार कारखान्यात त्या वेळी गाडी खऱ्या अर्थानं घडायची ती जोडाऱ्याच्या हातात. ओतकामातून आणि लेथवरून आलेले भाग मापाला साधारण जवळ असायचे, नेमके नसायचे. जोडारी पहिले दोन भाग घ्यायचा, एकावर निळी लावून दुसऱ्यावर टेकवायचा, डाग कुठे उमटतो ते पाहून तेवढ्या उंचवट्यावर कानस मारायचा, पुन्हा टेकवून पाहायचा. दोन भाग जुळले की त्यांना तिसरा जुळवायचा, मग चौथा. प्रत्येक जोडणीत केसभर फरक पडत जायचा आणि शेवटपर्यंत तो साठत जायचा. त्यामुळे एकाच आराखड्यावरून बनलेल्या दोन गाड्यासुद्धा मापानं सारख्या नसत. पॅरिसमधली पानार ए लव्हासोर ही १८९० च्या दशकातली नामांकित कंपनी. ती अशाच पद्धतीनं वर्षाला काहीशे गाड्या करायची, आणि त्या उत्तम असायच्या. पण गाडीचा एखादा भाग मोडला तर नवा भाग मागवून भागत नसे. तो बसवायला पुन्हा कुशल जोडारीच लागायचा.

या पद्धतीत काम वाढवायचं म्हणजे जोडारी वाढवायचे. चांगला जोडारी तयार व्हायला वर्षं लागतात. म्हणून गाडी महाग आणि गाड्या मोजक्या. मालकाचा लोभ कमी केला असता तरी हे गणित बदललं नसतं.

कानस मारायची वेळच येऊ नये, म्हणजे भाग यंत्रावरून उतरतानाच नेमका असावा, ही कल्पना मोटारीहून शंभर वर्षांनी जुनी आहे आणि ती जन्मली शस्त्रांच्या कारखान्यात. १७८५ मध्ये पॅरिसला अमेरिकेचा राजदूत असलेल्या थॉमस जेफरसननं ओनोरे ब्लाँ नावाच्या कारागिराकडे बंदुकीच्या चापयंत्रणेचे सुटे भाग पाहिले. हाताला येतील ते तुकडे उचलून त्यानं स्वतः काही चाप जोडून पाहिले आणि ते जुळले. ही गोष्ट त्यानं पत्रातून मायदेशी कळवली. फ्रान्समध्ये ती कल्पना पुढे विझत गेली. अमेरिकन सरकारला मात्र रणांगणावर दुरुस्त होतील अशा बंदुका हव्या होत्या. मॅसेच्युसेट्समधल्या स्प्रिंगफिल्ड आर्मरीसारख्या सरकारी शस्त्रागारांनी पुढची काही दशकं त्यावर चिकाटीनं पैसा आणि मेहनत खर्च केली. तिथं शिकलेले यंत्रकारागीर पुढे शिलाई मशीनच्या, मग सायकलींच्या कारखान्यांत गेले आणि आपली विद्या सोबत घेऊन गेले.

हेन्री लीलँड हा त्यांच्यापैकीच एक. जन्म १८४३ चा. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात तो तरुणपणी स्प्रिंगफिल्डला कामाला होता. नंतर प्रॉव्हिडन्समधल्या ब्राउन अँड शार्प या अचूक मापनासाठी नावाजलेल्या कंपनीत त्याचा हात तयार झाला. १८९० मध्ये तो डेट्रॉइटला आला आणि तिथं स्वतःचं यंत्रशॉप थाटलं. रॅन्सम ओल्ड्सच्या ‘कर्व्ह्ड डॅश’ या छोट्या गाडीसाठी तो इंजिनं करून द्यायचा. ओल्ड्सची ती ६५० डॉलरची गाडी म्हणजे अमेरिकेत हजारांच्या संख्येनं विकल्या गेलेल्या पहिल्या मोटारींपैकी एक. पुढे १९०२ मध्ये लीलँडला एका बंद पडू घातलेल्या मोटार कंपनीच्या यंत्रांची किंमत ठरवायला बोलावलं गेलं. कारखाना मोडून विकू नका, चालवा, असा सल्ला त्यानं भागीदारांना दिला. त्या कंपनीचं नाव बदलून कॅडिलॅक झालं. तिचं आधीचं नाव होतं हेन्री फोर्ड कंपनी. फोर्ड भागीदारांशी भांडून नुकताच तिथून बाहेर पडला होता.

लीलँडच्या शॉपमध्ये नेमकं काय वेगळं होतं हे समजून घ्यायला एक साधं हत्यार पाहू. त्याला आजही आपल्याकडच्या कारखान्यांत गो–नो गो गेज म्हणतात. समजा एक इंच व्यासाचं भोक पाडायचं आहे. अगदी एक इंच कधीच पडत नाही. तेव्हा आधी ठरवायचं, की कमीत कमी इतकं आणि जास्तीत जास्त इतकं चालेल. मग कडक पोलादाची एक दांडी करायची. तिचं एक टोक खालच्या मर्यादेएवढं, दुसरं टोक वरच्या मर्यादेएवढं. पहिलं टोक भोकात शिरलं पाहिजे, दुसरं शिरता कामा नये. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या तर भाग पास, नाहीतर रद्द. तपासणाऱ्याला मोजमाप वाचायची गरज नाही, अंदाज बांधायची गरज नाही, वाद घालायची तर मुळीच नाही. जोडाऱ्याच्या बोटांत वर्षानुवर्षं मुरलेली पारख त्या पोलादी दांडीत उतरवलेली असते. ती दांडी उद्या कुणाच्याही हातात देता येते.

ब्रुकलँड्सच्या ढिगातून तीन गाड्या उभ्या राहिल्या त्या या दांडीच्या जोरावर. लीलँडला मात्र यातून चांगली गाडी करायची होती. स्वस्त गाडी करणं हा त्याचा ध्यास नव्हता, आणि कॅडिलॅक पुढे श्रीमंतांचीच गाडी झाली. दांडीचा दुसरा अर्थ पुरता ओळखला तो फोर्डनं. भाग कुठेही बसणारच असेल, तर तो बसवायला कुशल माणूस कशाला हवा?

हेन्री फोर्ड डिअरबॉर्नच्या शेतकऱ्याचा मुलगा, जन्म १८६३ चा. दोन कंपन्या हातातून गेल्यावर त्यानं जून १९०३ मध्ये फोर्ड मोटर कंपनी स्थापन केली. सुरुवातीला हाही इतरांसारखाच जोडणीदार होता. इंजिन आणि चासी डॉज बंधूंकडून यायची, बाकीचं इतरांकडून, आणि फोर्डच्या शेडमध्ये गाडी उभी राहायची. १९०६ मध्ये त्यानं वॉल्टर फ्लँडर्स या यंत्रतज्ज्ञाला आणलं. फ्लँडर्स थोडाच काळ टिकला, पण त्यानं एक घडी मोडली. तोवर सगळीकडे एका जातीची यंत्रं एका खात्यात ठेवायची रीत होती. लेथ इकडे, ड्रिल तिकडे, आणि माल दोन्हींमध्ये हेलपाटे घालतोय. फ्लँडर्सनं यंत्रं कामाच्या क्रमानं लावायला सुरुवात केली. ज्या भागावर आधी लेथ, मग ड्रिल, मग ग्राइंडर चालवायचा, ती यंत्रं त्याच क्रमानं शेजारी शेजारी.

१ ऑक्टोबर १९०८ ला मॉडेल टी बाजारात आली. डेट्रॉइटच्या पिकेट अव्हेन्यूवरच्या कारखान्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या एका बंद खोलीत तिचा आराखडा तयार झाला होता. आराखड्यात चाइल्ड हॅरल्ड विल्स आणि हंगेरीहून आलेला जोसेफ गालांब यांचा मोठा वाटा होता. व्हॅनेडियम मिसळलेल्या हलक्या पण चिवट पोलादाचे भाग, खेड्यातल्या चाकोऱ्यांत अडकू नये म्हणून जमिनीपासून उंच बांधणी, २० अश्वशक्तीचं इंजिन. चारही सिलिंडर एकाच ओतीव ठोकळ्यात आणि वरचं झाकण वेगळं, म्हणजे यंत्रावर काम करायलाही सोपं आणि शेतकऱ्याला घरी उघडायलाही सोपं. किंमत ८५० डॉलर. ती त्या वेळी फार स्वस्त नव्हती. पण लवकरच फोर्डनं जाहीर केलं, की यापुढे कंपनी फक्त हीच एक गाडी करणार. विक्री विभागाला हे मानवलं नाही. यंत्रशॉपला मात्र या निर्णयानं मोकळं रान मिळालं, कारण एकच भाग लाखो वेळा करायचा असेल तर फक्त त्या एका भागासाठी यंत्र बांधणं परवडतं.

१९१० पासून काम हायलंड पार्कच्या नव्या कारखान्यात हललं. आल्बर्ट कान या वास्तुविशारदानं तो प्रबलित काँक्रीटचा बांधला होता आणि भिंतींच्या जागी काचाच काचा लावल्या होत्या. तिथं अशी एकेका कामाची यंत्रं शेकड्यांनी बसली. सिलिंडरचा ठोकळा एका यंत्राखाली ठेवला की चार बाजूंनी चाळीसहून अधिक ड्रिल एकदम चालून येत आणि सगळी भोकं एका दमात पडत. ठोकळा नीट बसवण्याची काळजी जिग-फिक्श्चर घ्यायचं. कामगारानं ठोकळा ठेवायचा, दांडा ओढायचा, ठोकळा काढायचा.

इतकं झाल्यावर अडचण वेगळ्याच जागी दिसू लागली. भाग भराभर तयार होत होते, आणि जोडणी मागे पडत होती.

जोडणीतला पहिला बदल फ्लायव्हील मॅग्नेटोच्या विभागात झाला. मॅग्नेटो म्हणजे इंजिनात ठिणगी पाडण्यासाठी वीज देणारा भाग. तोपर्यंत एकेक कामगार आपल्या बाकावर बसून अख्खा मॅग्नेटो जोडायचा आणि त्याला सुमारे २० मिनिटं लागायची. १ एप्रिल १९१३ ला हे काम २९ टप्प्यांत तोडून कामगारांना कमरेएवढ्या उंचीच्या लांब फळीपाशी ओळीत उभं केलं गेलं. प्रत्येकानं एक-दोन भाग बसवायचे, एखादा नट आवळायचा आणि फ्लायव्हील शेजाऱ्याकडे सरकवायचं. वेळ १३ मिनिटं १० सेकंदांवर आली. कामगारांच्या पाठी दुखू लागल्या, तेव्हा १९१४ मध्ये फळी आठ इंचांनी उचलली. वेळ सात मिनिटांवर. मग फळीवर साखळी बसवून ती ठरावीक वेगानं चालवली, त्यामुळे मंद हात तेज झाले आणि उतावळे हात सावरले. वेळ पाच मिनिटांवर आली. वीस मिनिटांची पाच मिनिटं झाली, आणि यात नवा शोध असा एकही नव्हता. फळी, साखळी आणि उंची.

ही युक्ती कुणाच्या डोक्यातून आली? स्वतः फोर्डनं लिहून ठेवलंय, की शिकागोच्या मांसकारखान्यांत डोक्यावरून सरकणाऱ्या आकड्यांना टांगलेलं जनावर एकेका खाटकापुढून जाताना पाहून ही कल्पना ढोबळमानानं सुचली. इंजिन विभागातला विल्यम क्लान असा कारखाना पाहून आला होता. तिथं अख्खं जनावर सुटं होतं, तर इथं सुट्या भागांतून अख्खी गाडी का होऊ नये, असा त्याचा हिशेब. कारखान्यातल्याच चार्ल्स सोरेन्सन, पीटर मार्टिन, क्लॅरन्स एव्हरी यांनी ती कल्पना पुढे विभागाविभागांत पसरवली. एका माणसाचं नाव कोरावं असा हा शोध नाही, आणि इतिहासात तसं नाव कोरलं गेलं हे मला अन्यायाचं वाटतं. फोर्डचं श्रेय आहे ते प्रयोग करू देण्याचं. आज केलेली मांडणी उद्या मोडायला त्याच्या कारखान्यात कुणी घाबरत नसे.

चासीवरचा प्रयोग तर फारच गावठी होता. ऑगस्ट १९१३ मध्ये, जागेवर उभी ठेवून, एक चासी जोडायला सरासरी १२ तास २८ मिनिटं लागत. मग जमिनीवर २५० फुटांच्या अंतरात सुट्या भागांचे ढीग मांडले, चासीला दोर बांधला आणि रहाटानं तो ओढायला सुरुवात केली. सहा जोडणारे चासीबरोबर चालायचे आणि वाटेतल्या ढिगांतून भाग उचलून बसवायचे. एवढ्यानंच वेळ ५ तास ५० मिनिटांवर आली. त्यानंतर माणसं जागेवर उभी राहिली आणि चासी त्यांच्यापुढून जाऊ लागली. १९१४ च्या सुरुवातीला ती कमरेच्या उंचीवर घेतली. उंच आणि बुटक्या कामगारांच्या तुकड्यांसाठी एक लाइन पावणेसत्तावीस इंचांवर आणि दुसरी साडेचोवीस इंचांवर! वेळ उतरली १ तास ३३ मिनिटांवर.

आता कानशीकडे पुन्हा वळू. या चालत्या लाइनवर एखादा भाग बसला नाही आणि तो घासून बसवायला एका माणसानं दहा मिनिटं घेतली, तर त्याच्या मागची सगळी लाइन दहा मिनिटं तुंबणार. म्हणजे चालती लाइन शक्य होती ती फक्त अशा कारखान्यात, जिथं प्रत्येक भाग गेजमधून पास होऊनच येतो. लीलँडनं आणि त्याच्या आधीच्या शस्त्रकारागिरांनी जे साधलं होतं, त्याच्याशिवाय फोर्डचा पट्टा पहिल्याच दिवशी अडला असता. मापाचं महत्त्व फोर्ड शेवटपर्यंत विसरला नाही. जगभर प्रमाण मानले जाणारे मापनठोकळे बनवणारा स्वीडिश कार्ल एडवर्ड योहान्सन, त्याला त्यानं १९२३ मध्ये आपल्याकडे नोकरीला आणलं.

किमती घसरत गेल्या. १९१३ मध्ये ६०० डॉलर, १९१६ मध्ये ३६०, आणि १९२० च्या दशकाच्या मध्यात ३०० च्याही खाली. १९१०-११ च्या हिशेबी वर्षात साडेचौतीस हजार गाड्या झाल्या होत्या, १९१६-१७ मध्ये सुमारे पावणेआठ लाख. आधी लाल, हिरव्या, करड्या रंगात मिळणारी गाडी १९१४ पासून फक्त काळ्या रंगात मिळू लागली, कारण काळा रंग स्वस्त आणि टिकाऊ होता. शेतकरी, शाळामास्तर, किराणा दुकानदार गाडी घेऊ लागले. लाइनवरचा कामगारही घेऊ लागला. हे यश खरं आहे आणि ते मोठं आहे.

पण त्याच १९१३ सालचा दुसरा आकडा तितकाच मन लावून वाचायला हवा. कारखान्यात साधारण १४ हजार माणसं कामावर ठेवण्यासाठी त्या वर्षी कंपनीला ५० हजारांहून अधिक माणसं भरती करावी लागली. गळती ३७० टक्के. माणसं यायची, काही दिवस नट आवळायची आणि न सांगता निघून जायची. अख्खा मॅग्नेटो जोडणाऱ्याला संध्याकाळी आपण काय केलं ते दाखवता येत होतं. एकोणतिसावा हिस्सा जोडणाऱ्याला ते येत नव्हतं. हातांचा वेग आता साखळी ठरवत होती, आणि साखळीचा वेग वरच्या ऑफिसात ठरत होता.

५ जानेवारी १९१४ ला फोर्ड आणि त्याचा भागीदार जेम्स कझेन्स यांनी जाहीर केलं, की दिवसाचे नऊऐवजी आठ तास आणि रोज पाच डॉलर. आधीचा रोज अडीच डॉलरच्याही आत होता. दुसऱ्या दिवसापासून कडाक्याच्या थंडीत हजारो माणसं फाटकाशी लोटली. आठवडाभरानं गर्दी हटेना म्हणून तिच्यावर आगीच्या बंबाच्या नळांनी पाणी मारलं गेलं. या पाच डॉलरांना कुणी औदार्य म्हणतं, कुणी कावा. मला तो सरळ सौदा वाटतो. कंटाळवाण्या कामाला माणूस टिकावा म्हणून मोजलेली ती किंमत होती, आणि ती मोजूनही कंपनी नफ्यात राहिली. त्या रकमेतला जवळपास अर्धा भाग ‘नफ्यातला वाटा’ म्हणून दिला जाई आणि त्याला अटी होत्या. कंपनीच्या समाजशास्त्रीय विभागाचे तपासनीस कामगाराच्या घरी जाऊन पाहत, की दारू पितो का, बचत करतो का, घर स्वच्छ आहे का, भाडेकरूंची गर्दी तर नाही ना. कारखान्यातले बहुसंख्य कामगार पोलंड, रशिया, इटली, हंगेरी अशा देशांतून आलेले. त्यांनी कंपनीच्या शाळेत इंग्रजी शिकावं अशी अपेक्षा होती.

कौशल्याचं काय झालं हे फोर्डनंच आपल्या १९२२ च्या आत्मकथनात आकड्यांनी सांगितलं आहे. कारखान्यातल्या ४३ टक्के कामांना एक दिवसाहून जास्त शिक्षण लागत नाही, ३६ टक्के कामांना एक दिवस ते आठवडा. एक वर्षाहून अधिक काळ शिकावं लागेल अशी कामं फक्त एक टक्का. त्याच पुस्तकात आणखी एक नोंद आहे. कारखान्यात ७,८८२ प्रकारची कामं होती. त्यांतली ६७० कामं दोन्ही पाय नसलेला माणूस करू शकतो, २,६३७ एक पाय असलेला, ७१५ एक हात असलेला आणि १० दृष्टिहीन माणूस. ही नोंद वाचताना मी दर वेळी दोन दिशांना ओढला जातो. इतर मालक ज्यांना दारातही उभे करत नसत, अशा अपंग माणसांना इथं पूर्ण रोजावर काम मिळालं. याहून चांगली गोष्ट त्या काळच्या उद्योगात क्वचित सापडते. आणि त्याच वेळी हेही दिसतं, की काम इतकं बारीक चिरलं होतं की त्यात अख्खा माणूस लागतच नव्हता.

पद्धत जगभर गेली, आणि ती लपवण्याचा फोर्डनं प्रयत्नही केला नाही. होरेस आर्नोल्ड आणि फे फॉरोट या दोन तांत्रिक लेखकांना कारखान्यात मोकळेपणानं हिंडू दिलं. त्यांनी यंत्रं, मांडणी, मिनिटं, सेकंद सगळं छापलं आणि १९१५ मध्ये त्याचं पुस्तक झालं. आंद्रे सित्रोएननं १९१९ मध्ये पॅरिसमध्ये या धर्तीवर गाडी काढली. सोव्हिएत रशियानं १९२९ मध्ये फोर्डशी करार करून निझ्नी नोव्हगोरोदला कारखाना उभारला. १९२६ मध्ये फोर्डची भारतीय कंपनी स्थापन झाली आणि जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जोडणी सुरू केली. सुट्या भागांच्या पेट्या बोटीनं यायच्या आणि गाड्या इथं उभ्या राहायच्या. समुद्रापलीकडे बनलेला भाग मुंबईत बसत होता तो ब्रुकलँड्सला सिद्ध झालेल्या त्याच गोष्टीमुळे.

फोर्डची पद्धत अडली ती तिच्या यशामुळेच. एकाच गाडीसाठी बांधलेली यंत्रं दुसरं काही करू शकत नव्हती. आल्फ्रेड स्लोनच्या जनरल मोटर्सनं निरनिराळ्या खिशांसाठी निरनिराळ्या गाड्या, रंग, हप्त्यांची सोय आणली. गिऱ्हाईक तिकडे वळलं. २६ मे १९२७ ला दीड कोटीवी मॉडेल टी बाहेर पडली आणि तिचं उत्पादन थांबवलं गेलं. नव्या मॉडेल ए साठी यंत्रं बदलण्यात अनेक महिने कारखाने जवळपास ठप्प राहिले आणि हजारो कामगार घरी बसले. पाच डॉलरचा दबदबाही तोवर ओसरला होता. २६ मे १९३७ ला, बरोबर दहा वर्षांनी, फोर्डच्या रिव्हर रूज कारखान्याच्या पुलावर पत्रकं वाटायला आलेल्या वॉल्टर रूथर आणि इतर कामगार-संघटनावाल्यांना कंपनीच्या माणसांनी बेदम मारलं. डेट्रॉइटच्या तीन मोठ्या मोटार कंपन्यांत संघटनेशी करार करणारी शेवटची कंपनी फोर्डच ठरली, १९४१ मध्ये.

१९५० मध्ये टोयोटा कंपनीच्या एजी टोयोडा या जपानी इंजिनिअरनं रूज कारखाना काही आठवडे बारकाईनं पाहिला. मायदेशी परतल्यावर त्यानं आणि त्याचा सहकारी ताइची ओहनो यानं फोर्डची साखळी ठेवली, गेज ठेवले, पण एक नियम उलटा केला. फोर्डच्या पद्धतीत लाइन चालू राहणं सर्वांत महत्त्वाचं, चूक झाली तर गाडी पुढे जाऊ द्यायची आणि शेवटी दुरुस्त करायची. टोयोटात हळूहळू अशी रीत बसली, की चूक दिसताच लाइनवरच्या कुठल्याही कामगारानं डोक्यावरची दोरी ओढावी, दिवा लागावा आणि वेळेत निस्तरलं नाही तर लाइन थांबावी. चूक का झाली ते तिथंच शोधायचं. जोडाऱ्याकडून काढून घेतलेल्या निर्णयाचा एक तुकडा असा चाळीसेक वर्षांनी लाइनवरच्या माणसाकडे परत आला. फोर्डनंतर या क्षेत्रात झालेला सर्वांत मोलाचा बदल मी याला मानतो.

चाकणला, वाळूजला, नाशिकला, कुठेही गाडी किंवा तिचे भाग तयार होताना पाहायची संधी मिळाली तर सरकत्या लाइनपुढे थांबण्याआधी मापं तपासली जातात ती खोली दाखवायला सांगा. मग लाइनवर या, आणि तिथं काम करणाऱ्या माणसाला विचारा, की काही चुकतंय असं दिसलं तर ही लाइन तुम्हाला थांबवता येते का.